एका नाकाचे अकरा नमुने

डोळखांबच्या पुढे, डोंगराच्या पोटाशी सोळा घरांचा एक पाडा आहे. तिथे कोरोनाच्या तपासणीची गाडी येणार, हे आशाताई रंजनाने आदल्या दिवशी घरोघर जाऊन सांगितलं आणि तिथेच सगळं फसलं. सकाळी गाडी पोहोचली तेव्हा पाड्यावर कोंबड्या होत्या, दोन कुत्री होती आणि बाईजा होती.

२०२१ चा मे महिना. दुसरी लाट जोरात होती. नाकात काडी घालतात, मग माणूस पॉझिटिव्ह निघतो, मग त्याला गाडीत घालून नेतात आणि परत आणत नाहीत, एवढी माहिती पाड्यावर पक्की होती. त्यामुळे उजाडायच्या आतच सगळे करवंदं काढायला म्हणून रानात निघून गेले होते. तान्ही पोरंसुद्धा करवंदं काढायला गेली होती. बाईजा तेवढी मागे राहिली, कारण तिचा डावा गुडघा चढाला तयार नव्हता.

बाईजाचं वय सत्तरीच्या आसपास. अंगाने काटकुळी, पण आवाज असा की ओढ्यापलीकडच्या माणसाला ती काय म्हणाली ते परत विचारावं लागत नसे. नवरा चांगो सहा वर्षांपूर्वी गेला. मुलगा नवशा मुरबाडच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे हेल्पर होता आणि तिथेच चौघांत खोली करून राहायचा. घरी सून दिपिका आणि दोन नातवंडं. तीही आज रानात. म्हणजे सकाळपासून बाईजाला बोलायला कुणी नव्हतं.

गाडीतून उतरला तो दीपेश. आसनगावचा, सव्वीस वर्षांचा, कंत्राटी लॅब टेक्निशियन. नखशिखांत प्लास्टिकच्या पोशाखात तो आतल्या आत उकडून निघत होता. या पाड्यावरून किमान वीस नमुने आणायचे, असं त्याला बजावून सांगितलेलं होतं. आदल्या दिवशी दुसऱ्या पाड्यावर त्याला तीन मिळाले होते आणि त्याबद्दल त्याने बोलणी खाल्ली होती.

बाईजाने त्याला बसवलं, पाणी दिलं आणि नाक पुढे केलं. नाकात काडी असताना माणसाला बोलता येत नाही, असं दीपेशला तोवर वाटायचं. बाईजा गुडघ्याबद्दल बोलली, नवशाच्या पगाराबद्दल बोलली, आणि काडी बाहेर आल्यावर मधलं जे तुटक झालं होतं ते परत पहिल्यापासून सांगितलं. काडी कुठवर गेली आणि कुठे लागली, हे त्या गडबडीत दीपेशला कळलं नाही. त्याने ती नळीत टाकली आणि वर नाव लिहिलं.

मग दुपारपर्यंत कुणी आलं नाही. रंजना रानाच्या कडेला जाऊन एकेकाला नावाने हाका मारत होती. एकदा आतून कुणीतरी खोकलं आणि लगेच कुणीतरी त्याला गप्प केलं.

दीपेश ओटीवर डोकं धरून बसला होता. बाईजाला त्याची दया आली.

"माझंच घे की परत," ती म्हणाली. "एवढं मोठं नाक हाय. कुनाच्या तरी उपेगी पडंल."

दीपेशने तिला समजावलं की ज्याचं नाव, त्याचंच नाक लागतं. बाईजाने ते ऐकून घेतलं आणि विचार करून म्हणाली, "रेशनवर घरातल्या समद्यांचं धान्य माझ्या एका अंगठ्यावर मिळतं. मंग नाकाला काय झालं?"

खरं सांगायचं तर दीपेशने यावरचं उत्तर फारसं शोधलं नाही. त्याने इकडेतिकडे बघितलं. रंजना लांब होती. त्याने नवी काडी काढली.

नावं बाईजानेच पुरवली. आधी तिने रेशनकार्ड आणून दिलं, त्यावरून नवशा, दिपिका आणि चांगो अशी तीन लिहिली गेली. चांगोचं नाव कार्डावरून काढायला कुणी गेलंच नव्हतं आणि हा चांगो कोण, हे दीपेशने विचारलं नाही. मग शेजारपाजाऱ्यांची पाळी आली. कुंपणापलीकडच्या गीताबाईशी बाईजाचं दोन वर्षं बोलणं नव्हतं, फणसाच्या एका फांदीवरून. तिचंही नाव बाईजाने मोठ्या मनाने दिलं. रंजना परत आली तेव्हा नवव्या नळीवर झाकण बसत होतं. ती काही बोलणार होती, पण घसा हाका मारून बसला होता, आणि रिकाम्या हाताने परत जायचं तिच्याही जिवावर आलं होतं. अकराव्या काडीनंतर मात्र बाईजाने पदर नाकाला लावला. आता डोळ्यांतून पाणी येतंय, बाकीच्यांचं पुन्हा कधीतरी, असं सांगून तिने दुकान बंद केलं.

चौथ्या दिवशी अहवाल आले. आठ निगेटिव्ह, तीन पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह होते नवशा, गीताबाई आणि चांगो. बाईजा स्वतः निगेटिव्ह.

गीताबाईला विहिरीवरूनच गाडीत घातलं. माझ्या नाकाला कुणी हातसुद्धा लावलेला नाही, असं ती आश्रमशाळेतल्या कोविड सेंटरपर्यंत सांगत गेली. गाडीतल्या माणसाने तिला शांतपणे सांगितलं की सगळे असंच म्हणतात.

चांगोसाठी तालुक्याच्या कचेरीतून फोन आला. तो दिपिकाने घेतला. सासरे इथे नाहीत, असं ती म्हणाली. कधी गेले, तर सहा वर्षं झाली. कुठे आहेत, तर ओढ्याच्या काठी. पलीकडच्या माणसाला त्या दिवशी असे शंभर फोन करायचे होते. त्याने ऐकलं तेवढं लिहून घेतलं आणि संध्याकाळच्या यादीत चांगोच्या नावापुढे शेरा पडला: घर सोडून गेला आहे, संपर्क होत नाही, शोध चालू. दुसऱ्या दिवशी दोन पोलीस आले. त्यांनी भिंतीवरचा हार घातलेला फोटो बघितला, पाणी प्यायले आणि परत गेले.

नवशाला मात्र कारखान्याच्या फाटकावरच मेसेज आला. रखवालदाराने तो वाचला आणि चार पावलं मागे सरकला. ज्या दिवशी नमुना घेतल्याचं लिहिलं होतं, त्या दिवशी तो मशीनवर उभा होता. हजेरी लागलेली होती, सुपरवायझरने स्वतः लावलेली. पण सुपरवायझर म्हणाला की रिपोर्ट मशीनचा असतो आणि हजेरी माणसाची. त्यामुळे चौदा दिवस तोंड दाखवू नकोस.

किन्हवलीपर्यंत तो एका टेम्पोच्या मागच्या हौद्यात बसून आला. पुढे रिक्षावाल्याने घेतलं नाही तेव्हा चालत. घरी जाऊन आईला, बायकोला, रंजनाला, ज्याला त्याला फैलावर घ्यायचं, हे तो वाटभर जुळवत होता. अंगणात पोहोचला तर बाईजा खांबाला टेकून बसली होती. तिने मान वर केली, त्याला बघितलं आणि जेवलास का, असं विचारलं नाही. नवशाला जुळवलेलं सगळं विसरायला झालं.

तिला दोन दिवस ताप होता. ऊन लागलंय म्हणून बाईजाने कुणाला सांगू दिलं नव्हतं. रंजना बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र घेऊन धावत आली. त्यावर शहाऐंशीचा आकडा दिसला. रंजना तिथेच ओटीवर बसली आणि त्या दुपारी काय झालं ते तिने पहिल्या काडीपासून अकराव्या काडीपर्यंत सांगून टाकलं. नवशाला उलगडा झाला. आजार आईचा होता, पण रिपोर्ट त्याच्या नावावर निघाला होता.

पाड्यावरच्या एकाचा पिकअप होता. त्यात घालून नवशाने आईला शहापूरला नेलं. सरकारी दवाखान्यात खाट नव्हती. संशयितांच्या खोलीत होती तीही भरली होती आणि आजी तर कागदावर निगेटिव्ह. तिथल्या नर्सबाईंनी हायवेकडच्या एका खाजगी हॉस्पिटलचं नाव सांगितलं, दोन खाटा असतील म्हणाल्या, पण विमा असेल तरच जा, हेही सांगितलं.

नवशाकडे दोन गोष्टी होत्या. ठेकेदाराने दिलेलं विम्याचं कार्ड आणि स्वतःच्या नावाचा पॉझिटिव्ह रिपोर्ट. आईला पाठुंगळी घेऊन तो हॉस्पिटलच्या पायऱ्या चढेपर्यंत त्याने आपलं ठरवलं होतं.

विम्याच्या टेबलाशी रविना बसायची. खर्डीची मुलगी, दोन मास्क लावून, समोर फायलींचा डोंगर. तिने वर न बघताच विचारलं, "पेशंट कोण?"

"मी," नवशा म्हणाला.

रविनाने वर बघितलं. "आणि या?"

"ही सोबतीला आलीय."

सोबतीला आलेल्या बाईजाची मान त्याच्या खांद्यावर पडली होती. रविनाने उठून आधी त्याच्या बोटाला यंत्र लावलं. नव्व्याण्णव. मग बाईजाच्या. चौऱ्याऐंशी.

"तुमची सोबत तुमच्यापेक्षा आजारी आहे," ती म्हणाली आणि तिने वॉर्डबॉयला हाक मारली. कागद नंतर, आधी ऑक्सिजन, असं डॉक्टरांनीही आतून सांगितलं. बाईजाला खुर्चीवर बसवून नेलं. नवशा मोकळ्या पाठीने तिथेच उभा राहिला. त्याला वाटलं, आता आपल्याला हाकलणार. मग त्याने रविनाला खरं काय ते सांगितलं: आईचं नाक, आपलं नाव, विमा आपला. तिला माझ्या नावावर झोपवा, मी बाहेर बाकड्यावर पडून राहतो, एवढंच तो मागत होता.

रविनाने कार्ड मागितलं. नवशाने दीड वर्ष ते खिशात बाळगलं होतं आणि त्याच्या कडेने तो डबीतला चुना काढायचा. रविनाने एका कोपऱ्याला धरून ते उलटं केलं, रुमालाने पुसलं आणि बारीक इंग्रजी अक्षरं वाचली.

"आईचं नाव बाईजा ना?"

"व्हय."

"मग त्या इथे आहेत की. तुम्ही, बायको, दोन मुलं आणि आई. त्यांच्या स्वतःच्या नावाने दाखल होतील. तुम्ही खोटं कशाला बोलताय?"

नवशा म्हणाला, "मला कुठं ठाऊक व्हतं."

हे खरंच होतं. कार्ड देताना ठेकेदाराच्या माणसाने फक्त एवढं सांगितलं होतं की हे हरवलं तर दुसरं मिळणार नाही.

आता अडचण उरली एकच. बाईजाच्या नावावर निगेटिव्ह रिपोर्ट होता. डॉक्टरांनी छातीचा स्कॅन बघून सांगितलं की शंका घ्यायला जागाच नाही. रविना म्हणाली की डॉक्टरांना शंका नाही, पण विमा कंपनीच्या कॉम्प्युटरला नाकाचा पॉझिटिव्ह रिपोर्ट लागतो, त्याला छाती कळत नाही. नवशाने रंजनाला फोन लावला आणि रंजनाने दीपेशला.

दीपेश तासाभरात मोटरसायकलवरून आला. मागच्या सीटवर सायकलच्या ट्यूबने बांधलेला बर्फाचा डबा होता. त्याने बाईजाचा ऑक्सिजनचा मास्क हळूच वर केला आणि म्हणाला, "आजी, मी आलोय. एकदाच घेतो."

बाईजाने त्याला ओळखलं. डोळ्यांनी हो म्हटलं. काडी आत गेली, बाहेर आली, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ती एक शब्दही बोलली नाही. काडी नळीत टाकून दीपेशने वर तिचंच नाव लिहिलं. आपण काय करून ठेवलं ते त्याला तेव्हा नीट कळलं. या वेळी काडी जिथे लागायला हवी होती तिथेच लागली होती.

पण शहापूरच्या यादीत बाईजा आठवड्याभरात तपासलेली आणि निगेटिव्ह अशी बसलेली होती आणि तिथला कॉम्प्युटर तिला तपासणीचा नवा नंबर देईना. मुरबाडला नवशाच्या कारखान्यातल्या कामगारांची तपासणी चालू होती आणि तिथे त्यांच्या घरच्यांचेही नमुने घेत होते. दीपेशने डबा परत बांधला आणि किन्हवली, सरळगाव करत भर दुपारी मुरबाड गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी साहजिकच विचारलं की शहापूरची पेशंट इकडे कशी. दीपेशकडे सांगायला खोटी गोष्ट होती. वाटेत त्याने ती तयार केली होती. पण ती सांगायला तोंड उघडलं आणि खरीच बाहेर आली. डॉक्टरांनी त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला. त्याने लिहिलं की अमुक दिवशी एकाच व्यक्तीचे अकरा नमुने अकरा नावांनी घेतले, आणि खाली सही केली.

डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला. "अकराच का?" त्यांनी विचारलं.

"त्यानंतर आजी नाही म्हणाल्या, सर."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग डब्यातला नमुना ठेवून घेतला आणि नंबर दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट आला. नवशा हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकड्यावर बसला होता. त्याने दिपिकाला फोन करून मोठ्याने सांगितलं, "आये पॉझिटिव्ह आली गो!" शेजारी बसलेल्या माणसाने त्याच्या आनंदी चेहऱ्याकडे बघितलं आणि आपली पिशवी उचलून तो पलीकडच्या बाकड्यावर गेला.

विमा कंपनीने तरीही तीन प्रश्न पाठवले. पेशंट पाच दिवसांपूर्वी निगेटिव्ह कशी होती? त्याच घरातला कर्मचारी पॉझिटिव्ह असूनही दाखल का नाही? आणि घरातला तिसरा रुग्ण, म्हणजे पेशंटचा पती, सध्या कुठे उपचार घेत आहे? पहिल्या दोन प्रश्नांना रविनाने दीपेशच्या कागदाची प्रत जोडली. तिसऱ्यासाठी चांगो मेला आहे असा ग्रामपंचायतीचा दाखला हवा होता आणि त्यावर दोन साक्षीदार. चांगोच्या मयताला आलेली आणि नीट सही करता येणारी माणसं पाड्यावर थोडी. एक पिकअपवाला. दुसरी गीताबाई.

गीताबाई अजून आश्रमशाळेत होती. दोन वेळचं जेवण, सकाळी अंडं, आणि दिवसभर भांडायला कुणी नाही, यामुळे ती कंटाळली होती. रंजना कागद घेऊन फाटकाशी गेली. आपल्याला इथे कुणाच्या नाकाने आणून बसवलंय, हे गीताबाईला पहिल्यांदा तेव्हा कळलं. तिने कागद हातात घेऊन वाचला. मग म्हणाली की सही करते. चांगो भला माणूस होता, त्याला मेल्यावर पळून गेलेला म्हणणं बरं नाही. पण त्याच कागदावर हेही लिहा की ते नाक माझं नव्हतं. तसं लिहिल्याशिवाय तिने पेन उचललं नाही. त्यामुळे विमा कंपनीकडे जो दाखला गेला, त्यात चांगोच्या मृत्यूबरोबर गीताबाईच्या नाकाचीही नोंद होती. कंपनीने त्यावर काही विचारलं नाही. हॉस्पिटलचं बिल मंजूर झालं, हातमोजे सोडून. हातमोजे त्यांच्या नियमात बसत नव्हते.

बाईजा तेरा दिवसांनी घरी आली. धाप लागत होती, चार शब्द झाले की थांबावं लागायचं. पहिल्या आठवड्यात पाड्यावरच्या लोकांनी तिच्याशी जेवढं बोलून घेतलं, तेवढं आधी कधी जमलं नव्हतं. गीताबाई सुटून आली होती. ती एका संध्याकाळी कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

"माझ्या नावानं परत नाक देऊ नको," ती म्हणाली.

"बरं," बाईजा म्हणाली. दोन वर्षांतलं ते पहिलं बोलणं.

दीपेशला कारणे दाखवा नोटीस मिळाली. कामावरून काढायचंच होतं, पण त्याच्या जागी यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी त्याच्या साहेबांनी त्याला त्याच पाड्यावर परत पाठवलं आणि सांगितलं की प्रत्येकाचा नमुना प्रत्येकाच्या नाकातून. रंजनाने या वेळी आदल्या दिवशी सांगितलं आणि दीपेश मनात कोंबड्या, कुत्री एवढीच गृहीत धरून आला. पण जांभळाच्या झाडाखाली रांग लागलेली होती. आपल्या नावावर कुणाचं नाक लागेल याचा आता भरवसा राहिला नव्हता आणि पोलीस एकदा मेलेल्या माणसाला शोधायला येऊन गेले होते. त्यापेक्षा आपलं आपण दिलेलं बरं, असं सगळ्यांचं मत पडलं होतं. रांगेत पहिली गीताबाई. तिने काडी तपासली, नळीवरचं नाव दोनदा वाचलं आणि मगच तोंडावरचा पदर काढला. त्या दिवशी एकोणपन्नास नमुने झाले. खरोखरीचे दोघे पॉझिटिव्ह निघाले. दोघांचेही आजार ताप येण्यापुरतेच राहिले, कारण वेळेत कळलं होतं. त्यांना न्यायला गाडी आली तेव्हा ते रानात गेले नाहीत. आठ दिवसांनी परत आले, तेव्हा अंड्यांबद्दलच जास्त बोलले.

नवशा महिन्याभराने कामावर गेला. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने सगळ्यांना खिशातली कार्डं काढायला लावली. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण रविनाचा नंबर होता. एकेका कार्डाच्या मागच्या बाजूचा फोटो काढून तो तिला पाठवत गेला आणि तिचं उत्तर आलं की मोठ्याने सांगत गेला. नऊ जणांच्या कार्डावर आईबाप होते आणि नऊ जणांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हतं. दोघांनी तिथूनच घरी फोन लावले. एकाच्या कार्डावर मात्र आईबापाच्या जागी सासू-सासरे निघाले, कारण फॉर्म बायकोने भरला होता. त्याने कार्ड परत घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं आणि जेवणाचा डबा तसाच बंद केला.